झाकणाखालचे थेंब

त्सुरुओका,
६ नोव्हेंबर १९६६

ती. इकुयोताईस,
मिनेकोचा शि. सा. न. वि. वि.

तुझं टोकियोहून टाकलेलं कार्ड पोचलं. चार ओळी, त्यातल्या तीन तामाकीच्या गुडघ्यांवर. म्हणजे तुम्ही तिघी मैत्रिणी मजेत आहात असं मी समजते. शाळेत असताना गोवर झाला आणि क्योतोची सहल बुडाली, हे तामाकीचं रडगाणं आम्ही छत्तीस वर्षं ऐकत आलो. आता सहल घडते आहे तर निदान पुढची छत्तीस वर्षं कानांना विश्रांती मिळू दे.

रित्सुने दिलेला मुक्कामांच्या पत्त्यांचा कागद देव्हाऱ्याशेजारी टाचला आहे. कुठल्या स्टेशनावर किती मिनिटं थांबायचं आणि कुठे चहा प्यायचा, सगळं त्यात आहे. शाळेतून निवृत्त झाली तरी बाईंचं घंटा देणं काही सुटलेलं नाही. तू मलाही चल म्हणाली होतीस, पण मिसोच्या दुकानाला कुलूप लावून, पिंपात सोयाबीन आंबत टाकून, रंगलेली पानं बघत हिंडायचं हे मला जमणारं नाही. नीगातापलीकडे मी काही पाहिलेलं नाही आणि त्यावाचून माझं अडलेलंही नाही.

तू निघालीस त्या संध्याकाळपासून आईने तुझंही ताट मांडायला घेतलं आहे. तोकुजीदादा घर सोडून गेला तेव्हापासून त्याचं आहेच. वीस वर्षं झाली, तेच चाललं आहे. भात, लोणचं, झाकण घातलेलं सूप. मग झाकण उलटं करून बघायचं, आतून थेंब जमलेले दिसले की "सुखरूप आहे" असं पुटपुटायचं आणि त्यानंतरच स्वतः घास घ्यायचा. आता दोन झाकणं उचलते. दोन माणसांच्या घरात चौघांचं वाढायचं आणि मागाहून ती दोन ताटं संपवायची कोणी? प्रवास तुम्ही करता आणि पोट माझं सुटतं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. मी मुकी असेन, बहिरी नाही. तामाकीच्या भाच्याने तुला काय सांगितलं ते मी पिंपामागून ऐकलं आहे. किसोच्या खोऱ्यात लाकडी वाडगे घडवणारा आपल्याकडच्या बोलीत बोलणारा माणूस, आणि नाव तोकुजी. उगाच नाही रित्सुच्या कागदावर तुमची गाडी क्योतोहून किसोला वळली. आणि पानं बघायला जाताना मिसोची बरणी कोण नेतं? आईने ती स्वतःच्या हाताने भरून दिली आणि कशाला हवी हे विचारलंही नाही, म्हणून तू सुटलीस.

दादा सापडला तर सापडू दे. मला सांगू नकोस आणि आईला तर मुळीच नको. बाबा गेले तेव्हा मीच त्याला त्याच्या टोकियोच्या पत्त्यावर पत्र घातलं होतं. तीन वर्षं झाली. ना उत्तर, ना माणूस. आई उन्हाळ्यापासून जिना चढत नाही. डॉक्टर म्हणाले, हा हिवाळा जपायला हवा. तिच्या मनात आशा जागवायची आणि त्याने परत पाठ फिरवायची, हे या वयात तिला सोसायचं नाही.

बाकी सगळं ठीक. ओसरीवर पर्सिमनच्या फळांच्या पाच माळा सुकायला टांगल्या आहेत. अर्धवट सुकली आहेत तोच कावळ्यांना पत्ता लागलेला दिसतो.

माया आहे तेवढीच ठेव. वाढवलीस तर तीही मलाच संपवावी लागेल.

तुझी,
मिनेको

*

क्योतो,
९ नोव्हेंबर

चि. मिनेकोस,
अ. उ. आ.

तुझं पत्र सराईच्या बाईंनी हातात दिलं तेव्हा आम्ही नाराहून परतलो होतो. आधी गंमत सांगते, बोलणी नंतर खाते. नाराच्या हरणांना बिस्किटं घालताना रित्सुच्या पिशवीतून तिचं वेळापत्रक बाहेर डोकावत होतं. एका हरणाने ते ओढलं आणि किसोपासून पुढचा सगळा प्रवास आमच्यादेखत चावून खाल्ला. रित्सु त्या हरणाला "थांब, उभा राहा" असं वर्गातल्या आवाजात बजावत होती. तामाकी हसता हसता खाली बसली आणि मग गुडघ्यांमुळे तिला उठताच येईना. आम्ही दोघींनी तिला उभं केलं. हरीण जवळच उभं राहून बघत होतं.

तोफुकुजीच्या देवळाशी मेपलची झाडं नुकती रंगू लागली आहेत. वरचा शेंडा लाल, मधे पिवळं, खाली अजून हिरवंच. पुलावर इतकी गर्दी की पानांपेक्षा टोप्या जास्त दिसल्या. तामाकी पायऱ्यांशी बसून भाजलेले तांदळाचे गोळे खात होती आणि वरून कसं दिसतं ते मला खाली येऊन सांगायला लावत होती. मी दोनदा गेले. तिला ते तिसऱ्यांदाही ऐकायचं होतं.

आता तुझ्या रागाचं. मी किसोला उतरणार आहे. तुझ्यापासून लपवलं हे चुकलं. पण दादा गेला त्या संध्याकाळी तू मामाकडे होतीस, मिनेको, आणि मी माहेरपणाला आलेली, शेजारच्याच ताटावर. तेव्हा काय झालं ते तुला कोणी धड सांगितलंच नाही. लोणच्याचे दिवस होते. दादा म्हणाला, मला दुकानात बसायचं नाही, लाकूडकाम शिकायचं आहे. बाबांनी वर न बघता सांगितलं, की या घरात जेवेल त्याने या घरचंच काम करायचं. दादाने सुपाचं झाकण नुकतंच उचललं होतं. त्याने ते परत वाडग्यावर ठेवलं, नीट, जराही आवाज न करता, आणि उठून गेला. दारात त्याच्या बुटांचे बंद बांधल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. आईने ते सूप दुसऱ्या दिवशीपर्यंत हलवू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने ताजं वाढलं. तेव्हापासून ती वाढते आहे.

मी त्याला घरी चल म्हणायला जात नाही. त्याला फक्त एवढं ठाऊक असावं, की ते सूप कोणी ओतून टाकलं नाही.

किसो-फुकुशिमाच्या सराईवर आम्ही चौदा तारखेला पोचू. पत्ता हरणाच्या पोटात गेला, पण तुझ्याकडे भिंतीवर आहेच. आईला क्योतोचं सगळं वाचून दाखव, शेवटचा भाग सोडून. आणि माझ्यावर रागाव, पण मन भरेल इतकंच. उरलेलं मी परत आल्यावर.

तुझं भलं चिंतणारी,
ताई

*

त्सुरुओका,
१२ नोव्हेंबर, जलद टपालाने

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नमस्काराच्या पुढे काय लिहावं सुचत नाही. माझ्या हातून वाईट घडलं आहे.

तुझं पत्र काल दुपारी आलं. आईला हरणाचं वाचून दाखवलं, ती हसली. पुढचं मी सोडून दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटीने वाचलं. वाचता वाचता माझं डोकं तापलं. त्याने झाकण कसं ठेवलं, आवाज कसा केला नाही, बुटांचे बंद कसे बांधले, सगळं तुझ्या लक्षात आहे. तो गेल्यावर पुढच्या वसंतात माझं ठरलेलं लग्न मोडलं, कारण दुकान सांभाळायला कोणी उरलं नव्हतं, ते कोणाच्या लक्षात आहे? मुलाकडच्यांना नकार कळवायला मी स्वतः गेले होते, घरचा मिसो भेट म्हणून घेऊन. चोवीस वर्षांची होते. माझ्या त्या दिवसाचं कोणी ताट मांडलं नाही.

संध्याकाळी ताटं वाढायला घेतली. तुझ्या वाडग्यात कढत सूप ओतलं. त्याच्या वाडग्यात सकाळचं उरलेलं गार सूप ओतलं आणि झाकण घातलं. मुद्दाम. वीस वर्षांत पहिल्यांदा. मनात म्हटलं, नाहीतरी गिळायचं मलाच आहे.

आईने तुझं झाकण उचललं, थेंब होते. मग त्याचं उचललं. कोरडं. तिने ते परत ठेवलं, पुन्हा उचललं, बोटाने आतून पुसून पाहिलं. वाडगा रिकामा करून धुतला, पांढऱ्या फडक्यात गुंडाळला, गाठ मारली आणि देव्हाऱ्यात बाबांच्या फोटोसमोर ठेवला. मग जाऊन अंथरुणावर पडली, भिंतीकडे तोंड करून. आज सकाळपासून तिने काही खाल्लेलं नाही. पेज नेली, तीही परत. भटजींना बोलाव, एवढं एकच वाक्य तिने दिवसभरात उच्चारलं.

मी खरं का सांगत नाही असं तू विचारशील. दोनदा तिच्या उशाशी जाऊन बसले. तोंड उघडलं की वाटतं, हिला वाटेल मी समजूत घालायला खोटं बोलते आहे. आणि खरं पटलं, तर आपल्या पोटच्या मुलीने हे केलं हे ती कशी सोसेल? मला सांगता येत नाही, ताई. मी भित्री आहे.

आधी नको म्हणणारी मी, आता हात जोडून सांगते, जा. तो तिथे असेल तर त्याला आण. नाहीच आला तर त्याच्या हातची एक ओळ आण, तिला त्याचं अक्षर ओळखू येतं. तार मात्र करू नकोस. या घरात तार म्हणजे कोणीतरी गेलं. ती उघडण्याआधीच आईचं काही होईल.

कावळ्यांनी एक माळ जवळजवळ संपवली. मला आज त्यांना हाकलायचंही त्राण नाही.

प्रेम ठेवशील की नाही हे तुझ्यावर सोडते.

मिनेको

*

किसो-फुकुशिमा,
१५ नोव्हेंबर

चि. मिनेकोस,
अ. उ. आ.

हे पत्र टपालाने येत नाही. ज्याने तुझ्या हातात दिलं त्याच्याकडे नीट बघ, मग पुढे वाच.

तुझं पत्र काल पोचल्या पोचल्या मिळालं. मी ते मैत्रिणींना वाचून दाखवलं, रागावू नकोस. आजचा दिवस धबधब्यासाठी राखलेला होता आणि तामाकी क्योतोपासून त्याच्या गोष्टी करत होती. तीच आधी म्हणाली, की पाणी काय, उद्याही पडेल. रित्सुने हरणाने खाल्लेलं वेळापत्रक आठवून आठवून नव्याने लिहिलं, त्यात दादाच्या गावाकडे जाणारी पहिली बस होती. आम्ही तिघी त्याच बसने गेलो.

त्याचं घर शेवटच्या वळणावर आहे. दारात लाकडाच्या सालपटांचा ढीग आणि आत वाडगे कोरायच्या यंत्राची घरघर. केस पांढरे झाले आहेत. पाठ बाबांसारखी. मला ओळखायला त्याला वेळ लागला आणि मग तो एकदम उभा राहून परक्या पाहुण्याला करावा तसा वाकला. मला रडू आलं. तामाकीने त्याला सांगितलं, की आम्हाला वाडगे बघायचे आहेत, चहाही चालेल, आणि रित्सुला ओढत ती पुढच्या खोलीत गेली. तिथे दोघी दोन तास गप्प बसल्या. तामाकी दोन तास गप्प. हे मी लिहून ठेवते आहे.

बाबा गेल्याचं त्याला माझ्याकडून कळलं, मिनेको. तुझं पत्र त्याला पोचलंच नव्हतं. टोकियोची ती खोली त्याने त्याच्या कितीतरी आधी सोडली होती. ऐकल्यावर त्याने यंत्र बंद केलं आणि आपल्या गावाच्या दिशेला तोंड करून हात जोडले. मग म्हणाला, की त्या घरात आपलं नाव कोणी काढत नसेल अशी त्याने मनाची समजूत घातली होती. लग्न केलं नाही. दर वर्षाच्या सुरुवातीला शुभेच्छांचं कार्ड लिहायचा आणि ठेवून द्यायचा. मला दाखवली, चहाच्या डब्यात आहेत.

मी ताटाचं सांगितलं. त्याने विचारलं, कुठला वाडगा? मी म्हटलं, तुझाच, कडेला टवका उडालेला. सूप कसलं? घरच्या मिसोचंच, या दिवसांत अळकुड्यांचं. मग मी बरणी पुढे केली. त्याने बोटाने चाटून पाहिलं आणि म्हणाला, की हात बाबांचा नाही, पण मिसो तोच आहे. मी सांगितलं, हात मिनेकोचा आहे. तेव्हा त्याने विचारलं, की एवढी वर्षं त्याच्या नावाचं ते जेवण मागाहून जेवतं कोण? मी म्हटलं, तीच. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा बदलला. जे बोलला ते जसंच्या तसं लिहिते: "म्हणजे माझ्या वाटचं खाणंही तिच्या गळ्यात आणि माझ्या वाटचं कामही."

तुझ्या गार सुपाचं मी त्याला सांगितलं. लपवायचा आता मला कंटाळा आला आहे. त्याला तुझा राग आला नाही. गार तर गार, तिने वाढलं ना, म्हणाला. पण आई अन्नावाचून पडून आहे म्हटल्यावर तो उठला. सालपटं झाडली, यंत्रावर कापड घातलं, शेजारणीला कोंबड्यांचं सांगून आला. खरं तर त्याला नव्या वर्षासाठी आलेल्या वाडग्यांच्या मागण्या पुऱ्या करायच्या होत्या, हे मला त्या शेजारणीकडून कळलं.

उद्या आम्ही चौघं नागानोपर्यंत एकत्र जाऊ. तिथे रित्सु त्याला नीगाताच्या गाडीत बसवून देईल. कुठे गाडी बदलायची ते तिने त्याच्याकडून तीनदा म्हणून घेतलं आहे. मीही बरोबर येते म्हटलं तर तो नको म्हणाला, तुझ्या पाठीमागे लपून मला दारात यायचं नाही. अठरा ते बावीस आम्ही टोकियोला रित्सुच्या बहिणीकडे आहोत, मग कामाकुरा. आईचं कळव, मला झोप लागणार नाही.

आणि तुझ्या लग्नाचं माझ्या लक्षात नव्हतं. हे खरं आहे आणि त्याची मला लाज वाटते.

पत्र देणाऱ्याला उंबऱ्याबाहेर उभं ठेवू नकोस.

तुझी,
ताई

*

त्सुरुओका,
१८ नोव्हेंबर, जलद टपालाने

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ठेवलं. उभंच ठेवलं. ते वाक्य तू सगळ्यात शेवटी लिहिलंस, त्याला मी काय करू?

काल संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लावत होते. एक माणूस दोन्ही हातांत पत्र धरून आला आणि नवा पोस्टमन असावा तसा समोर उभा राहिला. मी तुझं अक्षर ओळखलं आणि तिथेच उभी राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मधे एकदा वर पाहिलं, बाबाच उभे आहेत असं वाटलं. वाचून झाल्यावर मी त्याला म्हटलं, फळीचं ते टोक धर. त्याने धरलं. वीस वर्षांनी दुकानाचं एवढं एक काम त्याच्या हातून झालं.

मी सूप उकळायला ठेवलं आणि आईच्या उशाशी गेले. आधी माझं सांगायचं आणि मगच त्याला आत बोलवायचं असं ठरवलं होतं. सांगितलं. मोठ्याने सांगावं लागलं, तिच्या कानांमुळे, म्हणजे तो दाराआडून ऐकत असणार. गार सूप, मुद्दाम, रागाने, सगळं. आईने भिंतीकडचं तोंड वळवलं आणि मला म्हणाली, "साठ वर्षं सूप वाढते आहे गं मी. वाडगा गार आहे का कढत, हे माझ्या हाताला कळत नाही होय?"

तिला त्याच क्षणी कळलं होतं, ताई. ती म्हणाली, तीन पानांचं पत्र तू एका पानाच्या वेळात वाचलंस, इकुयोने मिसोची बरणी मागितली, मी बहिरी आहे, खुळी नाही. पोरी त्याला शोधायला निघाल्या आहेत हे तिला कळलं होतं, आणि माझ्या मनात खोडा आहे हेही. तू रागावलेली असतीस तर तो दारातून परत गेला असता, म्हणाली, म्हणून तूच त्याला बोलवावंस यासाठी मी अंथरूण धरलं. मी विचारलं, आणि पाच दिवसांचा उपास? तेव्हा तिने उशी घट्ट धरली. अंथरूण झटकलं तर उशीखालून पर्सिमनचे अकरा देठ निघाले. आपल्याकडच्या फळाला बी नसते, नाहीतर आधीच पकडली असती. मी कावळ्यांना उगाच शिव्या दिल्या.

मग मी त्याला हाक मारली. आई उठून देव्हाऱ्याशी गेली, फडक्याची गाठ तिनेच सोडली, वाडगा माझ्या हातात दिला. मी तो काठोकाठ भरला. तो त्याच्या जागेवर बसला. त्याने झाकण उचललं, आतले थेंब त्याच्या मनगटावर ओघळले आणि तो नुसता बघत राहिला. आईने त्याला कुठे होतास विचारलं नाही, काही नाही. फक्त म्हणाली, "जेव. गार होतंय."

तीन वाडगे सूप प्यायला. मग भांडी घासायला उठला आणि फार वाईट घासली. मला त्याचा राग अजून थोडा आहे, लपवत नाही. पण बाबांच्या फोटोपुढे तो इतका वेळ वाकून बसला, की मीच जाऊन त्याला चहा दिला.

आज संध्याकाळी एकच ताट मांडायचं होतं, तुझं. आई त्या ताटापुढे बसली आणि मला म्हणाली, की तिने सगळ्यांची ताटं मांडली, बाबा गावाला जायचे तेव्हा त्यांचं, दादाचं, तुझं. "तू कधी वाटेला लागलीच नाहीस, म्हणून तुझं मांडायचं राहून गेलं." एवढंच म्हणाली आणि झाकण उचलायला माझ्याकडे सरकवलं. मी उचललं. थेंब होते. मला काही दिसेना.

दादा म्हणतो, नव्या वर्षापर्यंत तो इथेच आहे, आठ दिवस दुकान बघेल, मागण्या थांबतील. पिंपं कशी राखायची ते मी कागदावर लिहून दिलं आहे, रित्सुलाही लाजवेल असं. एकवीस तारखेच्या गाडीने निघून मी बावीसला सकाळी टोकियोच्या उएनो स्टेशनावर उतरते. मला घ्यायला या, मला तिथलं काही ठाऊक नाही. कामाकुराला मेपल अजून असतील ना? तामाकीला सांग, वर कसं दिसतं ते आता मी सांगेन.

माया वाढवलीस तरी चालेल आता.

तुझी,
मिनेको

ता. क. माझं ताट आई एकवीसच्या संध्याकाळपासून मांडणार आहे. सूप कढत वाढ, म्हणून दादाला दहादा बजावलं आहे.